टाइम ऑफिसला लाल टॅग

“मोरे मॅडम, रागावू नका, पण सिगारेट ओढता का तुम्ही?”

सावंतने हा प्रश्न विचारला तेव्हा मी त्याच्या शेजारच्याच खुर्चीत बसलो होतो. सावंत आमचा एचआर मॅनेजर. समोर सुजाता मोरे, टाइम ऑफिसची, म्हणजे गेटवर हजेरी आणि गेटपास बघणारी क्लार्क. अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या केमिकल कंपनीत ती सात वर्षं कॉन्ट्रॅक्टवर होती. आता तिला परमनंट करायचं ठरलं होतं. परमनंट होण्याआधी मेडिकल करावी लागते आणि त्या मेडिकलमध्ये तिच्या फुप्फुसांचा रिपोर्ट खराब आला होता.

“नाही सर,” ती म्हणाली. “आमच्या घरात कोणीच ओढत नाही. मिस्टरांना सुपारीचंसुद्धा व्यसन नाही.”

“तसं नाही हो, लेडीज लोक पटकन सांगत नाहीत ना, म्हणून विचारलं. मिसरी वगैरे?”

मिसरीने दात काळे होतात, फुप्फुसं नाही, एवढीही अक्कल या माणसाला नव्हती. सुजाताने पर्स उचलली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. “ओढत नाही असं लेखी देऊ का?” असं विचारून ती निघून गेली. मी तिथे होतो आणि एक शब्द बोललो नाही. सावंतचा राग मला नंतर आला. आधी यायला हवा होता.

मी त्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर होतो. आग लागू नये, गॅस गळू नये, कोणी वरून पडू नये, हे बघणं माझं काम. फॅक्टरीचा डॉक्टर आणि सेफ्टी ऑफिसर यांचा रोजचा संबंध असतो, म्हणून मेडिकलचे रिपोर्ट माझ्याकडेही यायचे. सुजाताची स्पायरोमेट्री केली होती. म्हणजे नळीत जीव खाऊन फुंकायचं, आणि किती हवा किती वेगाने बाहेर आली ते मशीन सांगतं. खाली आमच्या डॉक्टर लालवानी मॅडमनी पेनाने लिहिलं होतं, ‘श्वासनलिका आकुंचित. कामाच्या जागी धूर?’

त्या प्रश्नचिन्हाने माझं डोकं फिरलं. मी तडक दवाखान्यात गेलो.

“मॅडम, कसला धूर? ती गेटवर बसते. रिॲक्टर तिथून लांब आहेत. आख्ख्या प्लांटमध्ये चांगली हवा कुठे असेल तर तिथे.”

लालवानी मॅडम आठवड्यातून दोनदा यायच्या. मराठी बोलता बोलता हिंदीत शिरायच्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “ठोंबरे साहेब, आप कभी बैठे हो उधर? एक तास?”

मी बसलो नव्हतो. प्लांटमध्ये कुठल्या कोपऱ्यात कुठला वास किती येतो हे मी मशीन लावून मोजत होतो. गेटवर मोजायचं असतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं, कारण गेटवर केमिकल नाही.

त्याच दिवशी दुपारी दीडला मी सुजाताच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. पहिली पाळी सुटण्याची आणि दुसरी भरण्याची ती वेळ. बाहेर रिक्षा येऊन थांबत होत्या, माणसं उतरत होती, पंचिंग करत होती. पंचिंग झालं की दहातली सहा माणसं आत जाण्याआधी डावीकडे वळत होती. डावीकडे स्मोकिंग शेड होती.

ही शेड मी बांधून घेतली होती.

त्याचं असं झालं होतं. सात वर्षांपूर्वी सॉल्व्हंटच्या टाक्यांमागे मला विडीचं थोटूक सापडलं. सॉल्व्हंट म्हणजे पेट्रोलसारखं भडकणारं द्रावण. एक ठिणगी पडली असती तर आम्ही सगळे वर गेलो असतो. मी प्लांटमध्ये काडीपेटी आणि लायटर बंद केले. गेटवर झडती सुरू केली. पण लोक चपलेत लपवून नेऊ लागले. तेव्हा मी डोकं चालवलं. म्हटलं, यांना गेटजवळच जागा देऊ, टाक्यांपासून लांब. तीन बाजूंनी पत्रा, वर छप्पर, वाळूचे डबे, आणि भिंतीत गाडीतल्या लायटरसारखी तापणारी कॉइल, म्हणजे कोणाला काडी बाळगायची गरज नाही. प्लांट हेड नाडकर्णी साहेबांनी नारळ फोडला आणि पहिली सिगारेट त्यांनीच पेटवली. हेड ऑफिसने आम्हाला आगीच्या शून्य घटनांची ट्रॉफी दिली. मी ती घेऊन फोटो काढला.

आता मी त्या शेडच्या उघड्या बाजूसमोर बसलो होतो. मधे दहा-बारा पावलं आणि टाइम ऑफिसची खिडकी. धूर थेट आत येत होता. दहा मिनिटांत माझे डोळे चुरचुरायला लागले. सुजाता मधेच खोकायची, ओढणी नाकाला लावायची, आणि पुन्हा गेटपास लिहायला लागायची.

मी खिडकीतून वर बघितलं. समोर खांबावर आमचा विंड सॉक होता. विंड सॉक म्हणजे कापडाची लांब नळी, गॅस लीक झाला तर वारा कुठे वाहतोय ते तिच्यावरून कळतं. दर महिन्याच्या ड्रिलमध्ये मी ओरडून सांगायचो, ‘आधी वर बघा! वाऱ्याच्या दिशेने पळू नका!’ आणि तोच विंड सॉक शेडकडून टाइम ऑफिसकडे ताठ आडवा झाला होता. आमच्याकडे दुपारचा वारा बहुतेक दिवस पश्चिमेचाच. शेड पश्चिमेला मी ठेवली होती, ड्रॉइंगवर माझी सही होती.

“मोरे मॅडम,” मी म्हटलं, “इतकी वर्षं तुम्ही बोलला कशा नाहीत?”

तिने पेन खाली ठेवलं. “बोलले होते सर. शेड झाली त्याच महिन्यात. तुम्ही म्हणालात, खिडकी बंद ठेवा.”

मला आठवेना. खरंच आठवेना.

“मग दुसऱ्या वर्षी परत बोलले. तुम्ही म्हणालात, खिडकी बंद ठेवा की. सर, गेटपास याच खिडकीतून द्यायचे असतात. ट्रकवाले इथेच उभे असतात. बंद कशी ठेवणार?” मग थोडं थांबून म्हणाली, “तिसऱ्यांदा नाही आले. कॉन्ट्रॅक्ट दर वर्षी रिन्यू व्हायचं ना.”

मला स्वतःचीच एवढी चीड आली की मी उठून बाहेर गेलो. बाहेर शेडमध्ये दुसऱ्या पाळीची आठ-दहा माणसं कॉइलला सिगारेट लावून गप्पा मारत होती. त्यांनी मला नमस्कार केला.

संध्याकाळी घरी, चिखलोलीला, मी कायदा उघडून बसलो. कारखान्यांचा कायदा मला तोंडपाठ होता. तंबाखूचा कायदा स्टेशन, थिएटर यांच्यासाठी, असं मी धरून चाललो होतो. तर त्यात कामाची जागाही सार्वजनिक जागा आहे. स्मोकिंगची वेगळी खोली ठेवायची मुभा विमानतळाला आहे, मोठ्या हॉटेल-रेस्टॉरंटना आहे. कारखान्याला नाही. ॲशट्रे, काडीपेटी, लायटर पुरवायला तर सरळ मनाई. म्हणजे आमची कॉइल, आमचे वाळूचे डबे, सगळंच बेकायदा. ट्रॉफीसकट.

पण कायद्याचं बोलून सुजाताची नोकरी वाचणार नव्हती. सावंत फाइलवर ‘अनफिट’ लिहून मोकळा होणार होता. पुरावा हवा होता. लालवानी मॅडमनी तिला एक प्लास्टिकची नळी दिली, पीक फ्लो मीटर. त्यात फुंकलं की काटा पुढे सरकतो. श्वासनलिका मोकळ्या असतील तर जास्त, आवळलेल्या असतील तर कमी. दिवसातून चार वेळा फुंकायचं, आकडा वहीत लिहायचा. घरी दोनदा, ड्युटीवर दोनदा. सुट्टीच्या दिवशीही चुकवायचं नाही. चार आठवडे.

हे कळल्यावर सावंत दवाखान्यात आला. “डॉक्टर मॅडम, त्या कॅम्प चारला राहतात. उल्हासनगरची हवा तुम्हाला माहितीये. घराखाली फर्निचरला पॉलिश मारतात, पलीकडे वेल्डिंग. हे सगळं तिथलं असणार. कंपनीचा काय संबंध?”

लालवानी मॅडमनी चष्मा काढला. “सावंतजी, मी पण कॅम्प चारमध्येच राहते. जन्मापासून. माझा रिपोर्ट बघायचा आहे?”

सावंत आल्या पावली परत गेला.

चार आठवड्यांनी वही आली. सुजाताचं अक्षर मोत्यासारखं, एकही दिवस रिकामा नव्हता. कॅम्प चारमध्ये, पॉलिशवाल्याच्या डोक्यावर राहून, सकाळी तिचा काटा साडेतीनशेपर्यंत जायचा. दुपारी अडीचला, दोन्ही पाळ्यांचा धूर खाल्ल्यावर, अडीचशेच्या खाली. रविवारी दिवसभर साडेतीनशे. सोमवारी दुपारी परत खाली. ज्या उल्हासनगरला सगळं जग नावं ठेवतं, तिथे ही बाई श्वास घेऊ शकत होती आणि माझ्या ट्रॉफीवाल्या गेटवर नाही.

ती वही घेऊन मी आणि सावंत नाडकर्णी साहेबांकडे गेलो. साहेबांनी पानं उलटली. त्यांच्या टेबलावर ॲशट्रे होता आणि त्यात अर्धी सिगारेट जळत होती.

“मग मास्क द्या ना तिला,” साहेब म्हणाले.

“साहेब, सेफ्टीत मास्क शेवटी येतो. आधी धोका काढायचा, नाही निघाला तर लांब न्यायचा, काहीच जमलं नाही तर मास्क.”

“अरे, दीडशे माणसं ओढतात. शेड काढली तर परत टाक्यांमागे जातील. आग लागली तर तूच जबाबदार.”

“गेटबाहेर, रस्त्यापलीकडे जाऊन ओढतील. झडती मी आणखी कडक करतो.”

“युनियन बोंबलेल. एका क्लार्कसाठी दीडशे लोकांना नाराज करू?” मग सावंतकडे वळून, “नाही तर असं करा, रिपोर्ट खराबच आहे ना? कॉन्ट्रॅक्ट संपतंय पुढच्या महिन्यात. संपू दे.”

सावंतने मान डोलावली. एवढं सोपं होतं ते. सात वर्षं माणसाला धूर पाजायचा, आणि फुप्फुसं बिघडली की फुप्फुसं बिघडली म्हणून काढून टाकायचं. मी साहेबांना म्हटलं, “हे मी होऊ देणार नाही.” साहेब हसले. माझी रिटायरमेंट जवळ आली होती, ते त्यांना माहीत होतं.

आता लाल टॅगबद्दल सांगतो. मशीन दुरुस्तीला घेतलं की फिटर त्याचा स्विच बंद करून त्यावर लाल टॅग लावतो. त्यावर त्याचं नाव असतं. तो टॅग ज्याने लावला त्यानेच काढायचा. मॅनेजरने नाही, मालकानेही नाही. कारण दुसऱ्याने काढून स्विच दाबला आणि फिटरचा हात आत असला तर संपलं. जागा असुरक्षित असेल तर सेफ्टी ऑफिसर दारालाही तसाच टॅग लावू शकतो. आमच्या मॅन्युअलमध्ये हे मीच लिहिलं होतं आणि त्यावर नाडकर्णी साहेबांची सही होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची पाळी आत गेली. प्लांट चालवणारी माणसं जागेवर आहेत, याची मी फिरून खात्री केली. मग सुजाताला म्हटलं, “बाहेर या. रजिस्टर राहू दे तिथेच.” दार ओढून घेतलं आणि त्यावर लाल टॅग लावला. ‘असुरक्षित. धूर. आत बसू नये. ठोंबरे.’

“सर, हे काय करताय?” सुजाता घाबरली. “लोक मलाच शिव्या घालतील.”

“घालू देत. माझ्याकडे पाठवा.”

साडेआठला जनरल शिफ्ट आली. ऑफिस, पॅकिंग, मेंटेनन्स, डिस्पॅच. पंचिंग मशीन टाइम ऑफिसच्या आत, गेटपासही आत. दोनशे माणसं गेटवर थांबली. त्यांच्यामागे ट्रक, ट्रकच्या मागे रिक्षा, आणि रिक्षांच्या मागे नाडकर्णी साहेबांची गाडी. हॉर्नचा नुसता गोंगाट चालला होता.

पॅकिंगचा तिवारी पुढे आला. बोटांत सिगारेट तयार. “साहब, एक मॅडम के लिए सबका सुट्टा बंद करोगे? और हमारी हाजरी?”

“सात साल वो तेरा सुट्टा पी रही है,” मी म्हटलं. “तू एक घंटा रुक.”

तिवारीने सुजाताकडे बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती, ओढणी नाकाला लावून. त्याने सिगारेट परत पाकिटात घातली. मग मागे सरकला.

नाडकर्णी साहेब गाडीतून उतरून चालत आले. “ठोंबरे, काढ तो टॅग.”

“धूर आहे तोवर निघणार नाही साहेब.”

“मी प्लांट हेड आहे!”

“मॅन्युअल काढू का? पान सांगतो.”

साहेबांनी टॅगकडे हात नेला. आणि तेव्हा गर्दीतून आमच्या मेंटेनन्सचा एक जुना फिटर ओरडला, “साहेब, टॅगला हात नाही लावायचा हां!” त्याला सिगारेट, फुप्फुसं कशाशीच देणंघेणं नव्हतं. स्वतः दिवसाला पाकीट ओढणारा माणूस तो. पण दुसऱ्याच्या टॅगला हात लावायचा नाही, हे त्याच्या हाडात भिनलं होतं, कारण त्या टॅगवर त्याचा जीव रोज अवलंबून असायचा. त्याच्या मागून आणखी पाच-सहा जण तेच ओरडले. साहेबांचा हात हवेतच राहिला.

“काढा ती शेड,” साहेब दातओठ खात म्हणाले.

शेड बोल्टची होती. त्याच फिटरने पाने आणले आणि पन्नास मिनिटांत पत्रे जमिनीवर आले. कॉइल मी स्वतः उपटली. मग टॅग काढला. मला त्याच संध्याकाळी मेमो मिळाला, डिस्पॅच अडवल्याबद्दल. मी तो फाइलला लावला.

पुढचं काम बोर्डाचं. कायद्याप्रमाणे ‘येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे’ असा बोर्ड लावावा लागतो, आणि त्याखाली तक्रार कोणाकडे करायची त्याचं नाव. सावंतने बोर्ड करून आणले. नावाची जागा कोरी.

“नाव टाकलं की लोक पिडतात हो,” तो म्हणाला. “बोर्ड दिसला म्हणजे झालं.”

मी पेंट मागवला आणि प्रत्येक बोर्डावर स्वतःचं नाव लिहिलं. दंडाचं पावतीपुस्तक छापून घेतलं आणि दंड करायचा अधिकार सावंतकडून लेखी घेतला. त्याने तो आनंदाने दिला, बला टळली म्हणून. पहिले दहा दिवस एकही तक्रार आली नाही.

अकराव्या दिवशी सुजाता आली. हातात वहीचा कागद. ‘प्लांट हेड श्री. नाडकर्णी आपल्या केबिनमध्ये रोज सिगारेट ओढतात. एसीचा डक्ट एकच असल्याने धूर अकाउंट्समध्ये येतो. तिथल्या एक मॅडम गरोदर आहेत. कृपया कारवाई व्हावी. सुजाता मोरे.’

“तुम्हाला तर आता त्रास नाही,” मी म्हटलं.

“मला नाही. पण ती बोलणार नाही सर. नवीन आहे, कॉन्ट्रॅक्टवर आहे.”

मी कागद खाली ठेवला. लालवानी मॅडमनी ‘फिट’ लिहून दिलं होतं, धूर नसलेल्या जागी, या अटीवर. त्यामुळे सावंतला ‘अनफिट’ लिहिता आलं नव्हतं आणि सुजाताचं परमनंटचं लेटर तयार होऊन नाडकर्णी साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडलं होतं. “मॅडम, आठ दिवस थांबा. सही होऊ दे. मग देतो मी हा कागद.”

“तिला सातवा महिना आहे सर,” ती म्हणाली. “बोर्डावर तुमचं नाव आहे म्हणून आले. नसतं तर नसते आले.”

मी पावतीपुस्तक उचललं आणि साहेबांच्या केबिनला गेलो. सिगारेट चालूच होती.

“दोनशे रुपये साहेब. दंड.”

त्यांना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी पाकीट काढलं आणि दोन नोटा माझ्या अंगावर फेकल्यासारख्या टेबलावर टाकल्या. “तक्रार तिचीच ना? मोरेची?” त्यांनी ट्रेमधून तिचं लेटर ओढून काढलं आणि दोन बोटांत धरलं. “नाही करत सही. काय करशील?”

“काही नाही. सही का नाही केली ते लेखी द्या. ते तुमच्या पावतीच्या कॉपीला जोडतो आणि दोन्ही हेड ऑफिसला पाठवतो. डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणि ती वही सोबत.”

मी पावती लिहीत होतो. नाव, हुद्दा, जागा, वेळ. पावती फाडून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी सिगारेट विझवली, पेन घेतलं आणि लेटरवर सही केली.

मी रिटायर झालो त्याला आता दोन वर्षं होतील. सुजाता टाइम ऑफिसलाच आहे, परमनंट. पर्समध्ये श्वासाचा पंप ठेवावा लागतो, आणि तो कायमचा राहील असं लालवानी मॅडम म्हणतात. कंपनीच्या अपघाताच्या रजिस्टरमध्ये तिची नोंद करा म्हणून मी दोनदा लिहून पाठवलं. दोन्ही वेळा परत आलं, ‘अपघात नाही’ असा शेरा मारून. कोणी पडलं नाही, काही जळलं नाही, म्हणून. त्याचा संताप मला अजून येतो.

माणसं समजावल्याने सुधारतात यावर माझा विश्वास उरलेला नाही. नाडकर्णी साहेबांनी समजावून एक सिगारेट कमी ओढली नसती. लेखी मागा, आणि त्याखाली नाव मागा. पेन पुढे केलं की मोठमोठे साहेब कायदा पाळतात.